पेठेतले शेवटचे तीन किलोमीटर

आमच्या घरी दीड वर्ष राहून गेलेल्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही आणि तिच्या देशाचंही नाही. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांच्या देशात लांब पल्ल्याचं धावणाऱ्या बायका एका रिक्षात मावतील इतक्याच आहेत. देशाचं नाव सांगितलं की ती कोण हे तिथल्या कुणालाही कळेल, आणि मी पुढे जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं तिच्या संघटनेच्या सचिवांना आवडणार नाही.

ती इथे कोल्हापूरच्या विद्यापीठात एम.एस्सी. करायला आली होती, सरकारी शिष्यवृत्तीवर. वसतिगृहाचं फाटक सहाच्या आधी उघडत नाही आणि हिला साडेचारला पळायला जायचं, म्हणून ती बाहेर खोली शोधत होती. मंगळवार पेठेत आमचं घर आहे. खाली माझा मिरची कांडपाचा डंक, मधल्या मजल्यावर आम्ही, वर एक खोली आणि गच्ची. खोली दाखवताना मी तिला सांगितलं की पाणी सकाळी तासभर येतं, गच्चीचं दार वाऱ्यानं आपटतं आणि फेब्रुवारी ते मे खाली मिरची कुटतात, तेव्हा शिंका येतील. तिनं विचारलं, पहाटे बाहेर पडलं तर चालेल का. मी म्हटलं, किल्ली ने, मला उठवू नकोस. ठरलं.

ती आली तेव्हा दोन बॅगा होत्या. एकीत कपडे आणि पुस्तकं, दुसरीत फक्त बूट. सात जोड. माझे यजमान हातकणंगल्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहेत, ते संध्याकाळी आले आणि जिन्यात मांडलेले बूट बघून म्हणाले, "किती बायका आल्यात?"

तिची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यानं कळली, बहुतेक भाजी निवडताना. आम्ही इंग्रजीत बोलायचो, दोघींचंही बेताचंच, त्यामुळे गैरसमज कमी झाले. तिचं बेट म्हणजे एक लांब पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आत शिरलेला समुद्र आणि मधून एक रस्ता. शाळा रस्त्याच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि वाटेत कुत्री. वेग कुत्र्यांमुळे आला, असं ती अगदी गंभीरपणे सांगायची. मॅरेथॉनचा सराव करायचा तर देश दोनदा जाऊन यावा लागायचा. वेगाचा सराव विमानाच्या धावपट्टीवर, कारण आठवड्यातून दोनच विमानं यायची. बाकीच्या दिवशी तिथे डुकरं असायची, त्यांना आधी हाकलायचं.

चढ तिला माहीतच नव्हता. तिच्या बेटावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचा ओटा. जोतिबाच्या रस्त्याला पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा जिन्यातच बसली आणि म्हणाली, "काकी, त्या रस्त्याचं काहीतरी बिघडलंय."

मोठ्या स्पर्धांमध्ये छोट्या देशांना एक जागा अशीच देतात, पात्रतेची वेळ नसली तरी. त्या जागेवर ती दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा शेवटची आली होती. एकदा तर ती पोचली तेव्हा माणसं कडेचे फलक गुंडाळत होती. मग कुणाचं तरी लक्ष गेलं आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

"मला तेव्हा फार राग येतो," ती म्हणाली. "जिंकलेल्या बाईला बसून टाळ्या वाजवतात. मला उभं राहून. का?"

मी म्हटलं, "मेथीची पानं तोड, देठं नको."

तिच्याकडे एक कांस्यपदकही होतं, आसपासच्या बेटांच्या स्पर्धेतलं. चौघी धावल्या होत्या, त्यातल्या एकीचा पाय मुरगळला. "म्हणजे ते पदक तिच्या घोट्याचं आहे," असं ती म्हणायची.

आता ती एकतीस वर्षांची होती. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची ती फुकटची जागा संघटनेनं एका एकोणीस वर्षांच्या मुलीला दिली होती. ते बरोबरच आहे, असं तिचं मत. पण तिला स्वतःला जायचं असेल तर एक वाट होती. नीट मोजलेल्या, प्रमाणित मार्गावर मॅरेथॉन तीन तास वीस मिनिटांच्या आत पळायची आणि तो दाखला मार्चअखेर पाठवायचा. तिची आतापर्यंतची उत्तम वेळ होती तीन तास चोवीस मिनिटं. शिक्षण संपलं की मत्स्यखात्यात नोकरी आणि घरी म्हातारी आई, म्हणजे पळणं बंद. कोल्हापुरात जानेवारीत मॅरेथॉन होती आणि तिचा मार्ग प्रमाणित होता.

"या वेळी गेले तर माझ्या वेळेवर जाईन," ती म्हणाली. "दयेवर दोनदा जाऊन झालं."

हे मला पटलं. मी कुणाला बळ वगैरे देत नाही, पण रोज पहाटेच्या दोन केळ्यांची सोय केली.

आमच्या समोर वस्ताद राहतात. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, पण तालमीत अजून त्यांच्या शब्दावर माणसं उठतात-बसतात. माझ्या सासऱ्यांचे दोस्त, म्हणून मला सूनबाई म्हणतात. ही मुलगी रोज पहाटे पळते हे त्यांना आठवड्यात कळलं, आणि एका सकाळी ती घामाघूम परत येताना त्यांनी तिला दारातच अडवलं.

"काय वं पावणीबाई, कुणाच्या मागं लागलाय?"

मी मध्ये पडून सगळं समजावलं. देश कुठला, स्पर्धा कुठली, बेचाळीस किलोमीटर किती वेळात. वस्तादांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"देशाकडनं खेळती व्हय? आनि ही तब्येत? सूनबाई, तू हिला खायाला घालतीस का न्हाय?"

तिथून खुराक सुरू झाला. आमच्या पेठेला खेळाडू म्हणजे पैलवान एवढंच माहीत. फुटबॉलवाले आहेत, पण तेही पैलवानासारखंच जेवतात. सकाळी कट्ट्यावरून, म्हैस समोर पिळून दिलेलं ताजं दूध, तांब्याभर. दुपारी बदाम वाटून केलेली थंडाई. बुधवारी आणि रविवारी मटण, एकेक दिवस एकेका घरातून. वस्तादांची बायको तर लोण्याचा गोळा हातात घेऊन जिना चढायची.

गोची अशी की तिच्या बेटावर समोर आलेलं अन्न नाकारणं म्हणजे त्या घराशी भांडण. आणि आमच्या पेठेत पाहुण्यानं 'बास' म्हटलं की तो लाजतोय असं समजून आणखी वाढतात. ती नाही म्हणेना, हे थांबेनात. सगळे एकमेकांच्या चांगुलपणावर खूश होते.

मला शंका आली ती जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून. एका रविवारी मी तिला डंकातल्या मिरची तोलायच्या काट्यावर उभं केलं. जुलैत आली तेव्हा एक्कावन्न किलो होती, आता छप्पन्न. मी तशीच समोर गेले.

"वस्ताद, पाच किलो वाढली ती."

"मग? झ्याक झालं की! हाडं मोजता येत हुती."

"तिला पळायचंय. ती पाच किलो ती बेचाळीस किलोमीटर वागवत नेणार."

वस्तादांनी विचार केला. "आमच्यात वजन असलं की समोरचा दाबता येतो."

"ती कुणाला दाबणार नाही."

"मग जिंकायचं कुणाला?"

"घड्याळाला."

"घड्याळाला!" त्यांना हे अजिबात आवडलं नाही. समोर माणूस नसलेला खेळ त्यांना अपुरा वाटत होता. पण माणूस सरळ आहे. दुसऱ्या दिवसापासून लोणी बंद, दूध एक पेला, आणि मटण आलंच तर आधी माझ्याकडे जमा करायचं. मी रस्सा काढून तिला चार फोडी पाठवायची आणि उरलेलं आम्ही खायचो. त्या काळात यजमानांचं वजन सहा किलोंनी वाढलं, पण त्यांना कुठे पळायचं नव्हतं.

वस्तादांना मात्र काहीतरी केल्याशिवाय चैन पडेना. ते पहाटे गाडी काढून तिच्यापुढे जायला लागले, हातात काठी, कुत्र्यांसाठी. कुत्र्यांना ती लहानपणापासून हाताळत होती. त्रास व्हायचा तो वस्तादांच्या गाडीच्या धुराचा. शेवटी मी त्यांना तिच्यापुढे नव्हे, मागेच राहायचं असं ठरवून दिलं, तेही पन्नास पावलं अंतर राखून. डिसेंबरात ती पुन्हा बावन्नवर आली आणि जोतिबाच्या रस्त्याविषयी तक्रार करेनाशी झाली.

जानेवारी आला. मॅरेथॉनचा मार्ग जाहीर झाला तेव्हा पेठेत आनंदीआनंद झाला, कारण शेवटचे तीन किलोमीटर आमच्याच पेठेतून होते. मला आनंद झाला नाही. मी पेठ ओळखते.

आदल्या दिवशी सकाळी चौकात चार पोरं टेम्पोतून मांडवाचे बांबू उतरवताना दिसली. मी विचारलं, काय चाललंय. कळलं की सत्कार आहे. ती चौकात आली की हलगी वाजणार, बायका ओवाळणार, वस्ताद फेटा बांधणार आणि दोन शब्द बोलणार.

मी वस्तादांना गाठलं. "शर्यत चालू असताना सत्कार?"

"मग कवा? मैदानात गड्याला फेटा कुस्तीच्या आधी बांधत्यात, मधी बी बांधत्यात. दोनच मिनटं लागत्यात."

"दोन मिनिटांत तिचं वर्ष जाईल. घड्याळ थांबत नाही."

"थांबवाया सांग की. आमच्यात पंच थांबतोय."

"इथे पंच नाही. यंत्र आहे."

आजूबाजूला तालमीची माणसं गोळा झाली. एकजण म्हणाला, "मग थांबवत न्हाय, पळत पळत बांधूया की फेटा. मी धरतो एक टोक."

दुसरा म्हणाला, "आनि हलगीवाला गाडीवर बसवायचा. नाद खुळा!"

"कुणी हात लावला, काही दिलं, सोबत पळालं," मी म्हटलं, "तर ती बाद होऊ शकते."

'बाद' हा शब्द वस्तादांना बरोबर लागला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बांबू परत चढवायला लावले आणि तिथेच हुकूम सोडला. उद्या कुणी रस्त्यात उतरायचं नाही. काही द्यायचं नाही. हात मागे बांधून कडेला उभं राहायचं.

"वरडायचं तरी का न्हाय?" कुणीतरी मागून विचारलं.

इथे चूक माझी. ओरडा की, असं मी म्हणायला हवं होतं. पण मला पुढचं सगळं दिसत होतं. हे ओरडणार, ओरडले की हलगी येणार, हलगी आली की नाचणार, नाचले की रस्ता बंद. मी म्हटलं, "नको. अगदी गप्प राहायचं."

"ऐकलं न्हवं?" वस्ताद म्हणाले. "जो आवाज करंल त्येला महिनाभर तालमीत पाय ठिवू देणार न्हाय."

शर्यत पहाटे साडेपाचला सुटली. यजमान हायवेच्या वळणावर उभे होते, त्यांनी फोन केला की बाई झकास पळतेय, अर्धं मिनिट हातात आहे. मी चौकात वस्तादांच्या शेजारी उभी होते. साडेआठ वाजून गेले. पुढचे धावणारे एकेक करून गेले आणि पेठेनं त्यांनाही तसंच गुपचूप जाऊ दिलं. ते बिचारे दोन्हीकडे बघत, जरा घाबरूनच पळत होते. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मग ती वळणावर दिसली. चेहऱ्यावर मीठ सुकलेलं, पण पाय पक्के पडत होते.

तिला काय दिसलं ते मी नंतर तिच्या बाजूनं विचार करून पाहिलं. सहा महिन्यांत तिनं या पेठेला कधी गप्प पाहिलं नव्हतं. इथे दोन माणसं भाजीचा भाव विचारतात ते तिसऱ्या गल्लीत ऐकू येतं. आणि आज रस्त्याच्या दोन्ही कडांना तीनशे माणसं उभी, हात मागे, तोंडं बंद. पोरांच्या माना खाली, कारण वर बघितलं तर ओरडा सुटेल अशी भीती. ऊन तोंडावर येत होतं म्हणून बायकांनी डोक्यावर पदर घेतलेले. वस्ताद पांढऱ्या कपड्यात, अगदी ताठ.

तिचा वेग कमी झाला. मग ती चालायलाच लागली. आमच्यासमोर येऊन थांबली, मान खाली घातली आणि शिकलेल्या मराठीत हळूच विचारलं, "कोण गेलं?"

तिच्या बेटावर रस्त्याकडेला लोक शोकाला उभे असले की गाडीवाला इंजिन बंद करतो आणि सायकलवाला खाली उतरतो. तिथून पळत जाणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की ती थांबलीय.

वस्तादांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी! मी बघतेय त्यांच्याकडे, ते बघतायत माझ्याकडे, आणि मुलगी मान खाली घालून उभी.

"कुणी नाही गेलं!" शेवटी मी किंचाळले. "सगळे जिवंत आहेत! पळ!"

"खरंच?"

"पळ की गं!"

त्यावर पेठेचा जो बांध फुटला तो विचारू नका. तीनशे माणसं एकदम. दुकानांचे पत्रे वाजले, कुणीतरी लपवून आणलेली हलगी बाहेर काढली, आणि ती दचकून जी सुटली ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली. पण तालमीतल्या एकाच्या घड्याळानं चाळीस सेकंद गेले होते.

आम्ही सगळे अंतिम रेषेकडे धावलो. तिची वेळ लागली होती तीन तास, वीस मिनिटं, नऊ सेकंद.

ती फुटपाथवर पाय पसरून बसली होती. मी जाऊन सरळ सांगितलं, गप्प राहायचा नियम माझा होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिला हसू फुटलं, आणि इतकी हसली की पोटरीत गोळा आला आणि मला तिचा पाय धरून ताणावा लागला. हसताना डोळ्यांत पाणी होतं. ते हसण्याचं होतं की दुसरं कशाचं, हे मी विचारलं नाही.

तोवर वस्ताद आणि निम्मी पेठ वेळ नोंदवणाऱ्या टेबलापाशी पोचली होती. तिथे लॅपटॉप घेऊन एक तरुण बसला होता, बाहेरगावचा, चष्मेवाला.

"पावणं," वस्ताद म्हणाले, "जरा ते नऊ सेकंद काढा बघू."

"आजोबा, ते काढता येत नाहीत."

"अवो, नऊ सेकंदात मानूस धड शिंकत बी न्हाय."

"यंत्रावर आलंय ते."

"मग असं करा, ते नऊ सेकंद आमच्या पेठेच्या नावावर लिवा. चूक आमची हाय. हिच्या नावावर कशापायी?"

मागून आवाज आले, "व्हय व्हय, आमच्या नावावर घाला!" तो तरुण घामाघूम झाला. माणूस चांगला होता. त्यानं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की वेळ बदलता येणार नाही, पण गर्दीमुळे अडथळा आला असं पत्र तो देऊ शकेल, संघटना कदाचित विचार करेल. मी ते तिला जाऊन सांगितलं. तिच्या संघटनेचे सचिव शाळेची बसही चालवतात आणि फेऱ्या संपल्या की मेल वाचतात. असलं पत्र वाचून ते हो म्हणतील, असं तीच म्हणाली.

मग म्हणाली, "नको. पत्रावर गेले तर पुन्हा तेच झालं."

वस्तादांना मी हे मराठीत सांगितलं. "बेनं कडक हाय," एवढंच म्हणाले आणि टेबलाजवळची माणसं मागे घेतली.

मार्चच्या मध्यावर दक्षिणेतल्या एका शहरात आणखी एक प्रमाणित मॅरेथॉन होती. वस्तादांनी विचारलं, "तितं आपली मानसं न्हाईत न्हवं?"

"एकही नाही."

"मग जमंल."

मधले आठवडे कठीण गेले. डंकाचा हंगाम सुरू झाला आणि ती वर खोलीत शिंकत व्यायाम करायची. मी तिची गादी बहिणीच्या घरी हलवली. शर्यतीसाठी ऐन हंगामात डंक दोन दिवस बंद ठेवून मी तिच्याबरोबर गेले. धाकट्या दिराच्या लग्नाला मी डंक एकच दिवस बंद ठेवला होता, हे दिरानं मला अजून ऐकवणं सोडलेलं नाही.

त्या शहरात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. रस्ते रुंद, सावली बरी, लोक आपापल्या कामात. एक बाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तिनं वळूनही बघितलं नाही. मी अंतिम रेषेपाशी टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन उभी होते. ती आली तेव्हा घड्याळात तीन तास, अठरा मिनिटं आणि वर काही सेकंद होते. मी दोनदा वाचलं. मग तिला टॉवेल दिला आणि दाखला छापून घ्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिले, कारण रांग वाढत होती.

दाखला हातात आल्यावर तिनं आधी आईला फोन लावला, लागला नाही. मग म्हणाली, वस्तादांना लाव. मी लावला.

"किती?" पहिला शब्द हाच.

मी वेळ सांगितली. पलीकडून कुणाला तरी ओरडून सांगितल्याचा आणि त्यावर झालेल्या गोंगाटाचा आवाज आला. मग वस्ताद परत फोनवर आले.

"कुनी आडवं आलं न्हाय न्हवं?"

"नाही. कुणीच नाही."

"ब्येस झालं." मग विचारलं, "म्हंजे कुनी वरडलं बी न्हाय?"

"नाही. एक माणूस नाही."

"अरारा," वस्ताद म्हणाले. "मग काय मजा आली पोरीला?"

मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तूच सांग.